दार सगळे बघतात, चौकट कोण बघणार? हृदयाच्या झडपेबद्दल थोडे कडू, पण गरजेचे



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या वेळी एक गृहस्थ आले, आमच्या किहीमचेच. त्यांच्या पत्नीला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने हृदयाची डाव्या बाजूची झडप, म्हणजे मायट्रल व्हॉल्व्ह, खराब झाली होती. आता विहिरीवरून कळशी आणताना त्यांना दम लागायचा आणि रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नव्हती. मुंबईत तपासण्या झाल्या होत्या. झडप कडक होऊन गळतही होती, त्यामुळे फुग्याने उघडणे शक्य नव्हते. ती बदलायची, हे ठरले होते.

त्यांनी रिपोर्टची पिशवी उघडलीच नाही. सरळ विचारले, "डॉक्टर, वाडीतले चार गुंठे काढायचे म्हणतोय. बंगलेवाला गिऱ्हाईक तयार आहे. झडप परदेशीच घालायची ना? देशी नको म्हणतात सगळे."

"सगळे म्हणजे कोण?" मी विचारले.

मेव्हणा, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ. या तिघांच्या सांगण्यावरून चार पिढ्यांची नारळ-पोफळीची वाडी विकायची होती.

मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो आपल्या सगळ्यांच्या एका सवयीचा. महाग ते चांगले, परदेशी ते टिकाऊ, आणि नवे ते त्याहून टिकाऊ, असे आपण धरून चालतो. फ्रिज घेताना ही सवय फार तर चार पैसे जास्त घालवायला लावते. हृदयाच्या झडपेच्या बाबतीत ती घर बुडवते, आणि जीव वाचेल याची हमीही देत नाही. म्हणून आज थोडे कडू लिहितो आहे.

आधी समजून घ्या, झडपेत असते काय

तुमचे हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा ठोके देते. वर्षाचा हिशेब केला तर साडेतीन कोटींच्या वर भरतो. दर ठोक्याला झडप एकदा उघडते आणि एकदा मिटते. तिला सुट्टी नाही, तेलपाणी नाही, दुरुस्तीला मिस्त्री बोलावता येत नाही.

कृत्रिम झडपेचे तीन भाग असतात. पहिला, उघडझाप करणारी चकती किंवा दोन पाकळ्या. हे झाले दार. दुसरा, त्या दाराला धरून ठेवणारे धातूचे किंवा कार्बनचे कडे, आणि काही झडपांत त्यातून निघालेले आकडे. ही झाली चौकट. तिसरा, चौकटीभोवतीची कापडी किनार. हिच्यातूनच सर्जन टाके घालून झडप हृदयात शिवतो.

पेशंट विचारतात ते दाराबद्दल. "एक पाकळी की दोन पाकळ्या?" पण घराचे दार निखळते तेव्हा काय होते ते आठवा. फळी क्वचितच मोडते. बिजागरी सुटते, चौकट सडते. झडपेचेही तसेच आहे. चौकटीने चकतीला घट्ट धरायचे, पण अडवायचे नाही. उघडताना रक्ताला वाट द्यायची, मिटताना मागे गळू द्यायचे नाही. तिचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा, कारण खडबडीत जागी आणि कोपऱ्याकपारीत रक्त थांबले की गुठळी धरते. आणि हे सगळे कोट्यवधी वेळा, न थकता.

धातू थकतो का? थकतो. घरातली एखादी तार घ्या आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, नंतर ती त्याच जागी तुटते. जोर तुम्ही तेवढाच लावलेला असतो. झडपेच्या चौकटीवर हाच प्रयोग दिवसाला लाखभर वेळा होत असतो.

परदेशी होती, नावाजलेली होती, आणि तुटली

आता त्या मेव्हण्यासाठी एक खरी गोष्ट. स्वीडनचे सर्जन व्हायकिंग ब्यर्क आणि अमेरिकेतली शायली कंपनी यांची 'ब्यर्क-शायली' झडप जगभर नावाजलेली होती. चकती तिरकी होऊन उघडणारी झडप म्हणजे हीच, असे मानले जाई. रक्ताला आणखी मोकळी वाट मिळावी म्हणून तिची एक नवी, सुधारित आवृत्ती काढली गेली. १९७९ मध्ये तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. जगभरात ती सुमारे ८६ हजार लोकांच्या छातीत बसली.

तिच्या चौकटीला दोन आकडे होते. एक आकडा कड्याबरोबर एकसंध घडवलेला होता. दुसरा वेगळा करून वेल्डिंगने जोडलेला होता. चकती मिटताना या दुसऱ्या आकड्यावर थाप बसायची. वर्षानुवर्षे थाप बसून काही झडपांत वेल्डिंगची जागा तडकली, एक पाय तुटला आणि मग दुसरा. दोन्ही पाय तुटले की चकती निसटून रक्ताबरोबर वाहून जाते आणि माणसाच्या हृदयात दारच उरत नाही. अशा सहाशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. त्यांतले बहुतेक पेशंट दगावले.

१९८६ मध्ये ती झडप बाजारातून गेली. तोवर शायली ही फायझर या बलाढ्य कंपनीच्या मालकीची झालेली होती. माहिती दडवल्याच्या दाव्यांवर फायझरने १९९४ मध्ये अमेरिकन सरकारला तडजोडीचे एक कोटी साडेसात लाख डॉलर भरले. पैसे भरले गेले, पण ज्यांच्या छातीत ती झडप होती ते रोज रात्री कानोसा घेत झोपत राहिले. टिकटिक चालू आहे ना?

यातला धडा नीट वाचा. झडप परदेशी होती, नामांकित होती आणि नवीही होती. दोष एका जोडात होता, मिलिमीटरभर जागेत. पुढे त्याच घराण्याच्या झडपेची चौकट एकाच धातूच्या तुकड्यातून कोरून काढली, वेल्डिंग गेले, आणि ती खोडही गेली.

दुसरे उदाहरण आणखी अलीकडचे. दुसऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीने झडपेच्या कापडी किनारीवर चांदीचा लेप दिला. हेतू चांगला होता, जंतुसंसर्ग होऊ नये. पण काही पेशंटमध्ये झडपेच्या कडेने रक्त गळू लागले आणि जानेवारी २००० मध्ये कंपनीला त्या झडपा परत मागवाव्या लागल्या. कल्पना छान असणे वेगळे आणि शरीराने ती मान्य करणे वेगळे.

आपलीही तुटली. पण कुठे तुटली ते बघा

आता 'देशी नको' याबद्दल. आपल्याकडची 'चित्रा' झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तयार झाली. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर आणि इंजिनिअर तिच्यावर दहा वर्षांहून अधिक काळ झटले. का झटले? कारण सांधेवाताच्या तापाने झडपा खराब झालेली तरुण मुले-मुली रांगेत उभी होती आणि बाहेरची झडप त्यांना परवडत नव्हती.

त्यांचा पहिला नमुना फसला. टायटॅनियमच्या चौकटीला जोडलेला आकडा तुटला. म्हणजे वेल्डिंगचाच आजार. मग जोड काढला आणि चकती कृत्रिम नीलमण्याची केली. हा खडा इतका कठीण की त्याने टायटॅनियमची चौकटच झिजवायला घेतली. मग चौकटीचा धातू बदलून कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू घेतला, तर प्राण्यांवरच्या चाचणीत नीलमणी टिकला नाही. शेवटी चौकट त्याच मिश्रधातूच्या एकाच तुकड्यातून कोरलेली, आणि चकती खास दाट पॉलिथिलीनची, अशी जोडी जमली. कृत्रिम गुडघ्यात आणि खुब्यात वापरतात त्याच जातीचे हे प्लॅस्टिक. चकती चौकटीत हळूहळू गोल फिरत राहते, त्यामुळे झीज एकाच जागी पडत नाही.

६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाला बसवली. त्यानंतर लगेच बाजार मांडला नाही. देशातल्या सहा रुग्णालयांत ३०६ पेशंटना ती बसवून त्यांच्यावर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निकाल छापून आले, तेव्हा झडप मोडल्याची एकही नोंद नव्हती. त्या लेखाच्या लेखकांत मुंबईच्या केईएममधल्या सर्जन डॉ. रत्ना मगोत्रा यांचेही नाव आहे. आजवर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसल्या आहेत.

म्हणजे दोन्हीकडे चौकट तुटली. एकीकडे प्रयोगशाळेत तुटली, नमुना बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरीकडे माणसांच्या छातीत तुटली. माझ्या मते झडपेची खरी जात इथे कळते. तिचे अपयश कुठे झाले आणि ते कबूल केले का, हे बघा. खोक्यावर कोणत्या देशाचे नाव छापले आहे हे नंतर.

मग डॉक्टर, तुम्ही स्वदेशीचे भाट का?

अजिबात नाही. 'भारतीय आहे म्हणून चांगली' हे 'परदेशी आहे म्हणून चांगली' इतकेच आळशी वाक्य आहे. चित्राचा तो पहिला नमुनाही भारतीयच होता. तो पेशंटला बसवला असता तर अनर्थ झाला असता.

आणि दोन पाकळ्यांच्या झडपेचेही खरे ते सांगितले पाहिजे. तिच्यातून रक्ताचा प्रवाह अधिक सरळ जातो. पेशंटची झडपेची जागा लहान असेल तर तिचा फायदा होतो. एकाच चकतीची झडप गुठळीने अडकली तर सगळाच रस्ता बंद होऊ शकतो. दोन पाकळ्यांत एक अडकली तरी दुसरी काही काळ चालते. म्हणून सर्जनने अशी झडप सुचवली आणि कारण सांगितले, तर ते ऐका. गंमत म्हणजे या 'परदेशी' कल्पनेतही आपला माणूस आहे. १९६० च्या दशकात मिनेसोटात लिलेहाय यांच्याबरोबर दोन ताठ पाकळ्यांची सुरुवातीची झडप घडवणारे डॉ. भगवंत कालके भारतीय होते. ज्ञानाला पासपोर्ट लागत नाही, मग झडपेला तरी का लावता?

काहींना धातूची झडप नकोच असते. वय साधारण पासष्टच्या पुढे असेल, किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणे शक्य नसेल, तर प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप विचारात घेतात. मूल हवे असलेल्या स्त्रीच्या बाबतीतही तिची चर्चा झालीच पाहिजे, कारण वॉरफरिनने गर्भाला धोका असतो. ऊतीची झडप तरुण वयात लवकर झिजते आणि पुन्हा ऑपरेशन लागते, हा तिचा तोटा. म्हणजे निवड वयावर, जागेवर, गोळ्यांवर आणि तुमच्या जगण्यावर ठरते. वाडीच्या भावावर नाही.

किमतीबद्दलही एक गैरसमज काढून टाका. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली. हृदयाच्या झडपांना तशी कमाल मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, एवढेच बंधन आहे. म्हणून खोक्यावरचा आकडा मोठा आहे एवढ्यावरून आतली चौकट मजबूत आहे असे सिद्ध होत नाही. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. जमिनीचे गिऱ्हाईक शोधण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शोधा.

मग विचारायचे काय?

आमच्या किहीमचे नाव जगात गेले ते पक्ष्यांमुळे. सलीम अली १९३० च्या सुमारास इथे राहून सुगरण पक्ष्याची घरटी बघत होते. त्यांनी नोंदवले की घरटे नर विणतो. मादी येते, अर्धवट विणलेले घरटे नीट तपासते आणि पटले तरच राहायला येते. एवढासा पक्षी विणकाम तपासून घेतो. आपण मात्र छातीत आयुष्यभर राहणारी वस्तू नाव ऐकून घेतो.

सर्जनला हे प्रश्न विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

१. माझी झडप दुरुस्त करता येईल का, की बदलायलाच हवी?

२. धातूची की ऊतीची, आणि माझ्या बाबतीत तीच का?

३. हे मॉडेल किती वर्षे वापरात आहे? दहा-पंधरा वर्षांनंतरचे निकाल प्रसिद्ध झाले आहेत का?

४. चौकट कशाची आहे? एकसंध आहे की जोडलेली?

५. याहून स्वस्त झडप घातली तर माझे नक्की काय नुकसान होईल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही' असे आले, तर वाडी वाचली म्हणून समजा. काही ठोस कारण मिळाले, तर पैसे घाला आणि मनात शंका ठेवू नका.

आणि सहावी गोष्ट, जी प्रश्न नाही, हक्क आहे. झडपेचे कार्ड. प्रत्येक झडपेला मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. तो लिहिलेले कार्ड घरी जाताना मागून घ्या. माझ्याकडे झडप बसवून आलेले असे कितीतरी पेशंट येतात, ज्यांना आपल्या छातीत काय आहे ते ठाऊक नसते. "मोठ्या हॉस्पिटलात टाकली" एवढेच उत्तर मिळते. उद्या एखाद्या झडपेत दोष सापडला, ती परत मागवली गेली, तर तुम्हाला शोधायचे कसे? ब्यर्क-शायलीच्या वेळी हजारो लोकांना शोधताना हीच अडचण आली. कार्डाची झेरॉक्स घरात ठेवा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एमआरआयच्या आधी आणि दात काढण्याच्या आधी दाखवा.

वैद्यकीय उपकरणामुळे त्रास झाला असे वाटले तर त्याची नोंद करण्याची सोय २०१५ पासून देशात आहे. १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे. तक्रार म्हणजे भांडण नव्हे. तुमच्या एका नोंदीने दुसऱ्याचा जीव वाचू शकतो.

झडप उत्तम, पण मालक बेफिकीर

आता सगळ्यात कडू. धातूची झडप मोडून मेलेला पेशंट मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही. गोळी बंद केल्याने झडप गुठळीने अडकलेले पेशंट पाहिले आहेत. एकाने "बरे वाटतेय" म्हणून गोळी सोडली, एकीने उपवास म्हणून, एकाने मांडव्याची लाँच बंद होती, औषध आणायला गेलो नाही म्हणून.

चौकट कितीही गुळगुळीत असली तरी ती रक्ताला परकीच. म्हणून धातूच्या झडपेला वॉरफरिनसारखी गोळी जन्मभर लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी वेळच्या वेळी लागते. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर सांगतील, तो कार्डामागे लिहून ठेवा.

आमच्या बाजूच्या लोकांना तपासणीसाठी अलिबागला जावे लागते, अर्धा दिवस मोडतो, हे मला मान्य आहे. पण ज्या घराने परदेशी झडपेसाठी वाडी विकायची तयारी दाखवली, त्या घराला महिन्याची एक एसटी जड का व्हावी?

पालेभाजी बंद करू नका. पावसाळा लागला की आठवडाभर रोज टाकळा आणि अळू, आणि मग महिनाभर पान नाही, असे मात्र करू नका. प्रमाण सारखे ठेवा. मासे खुशाल खा. पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. टिकटिक आवाज अचानक दबला, दम वाढला, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

शेवटी

त्या गृहस्थांनी प्रश्न एका कागदावर लिहून नेले. सर्जनने पाचही प्रश्नांची शांतपणे उत्तरे दिली, असे त्यांनी परत आल्यावर सांगितले. वहिनींचे ऑपरेशन झाले. त्या आता कळशी उचलतात, मी नको म्हणतो तरी. कार्ड लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगले आहे. वाडी जागेवर आहे.

कोणती झडप बसवली ते मी मुद्दाम सांगत नाही. सांगितले, तर तुम्ही हा सगळा लेख विसराल आणि तेवढे नाव लक्षात ठेवून हॉस्पिटलात जाल.

काळजी घ्या, प्रश्न विचारा, गोळी चुकवू नका.